पीटूपीवर यूएसडीटी विकले आणि खातं गोठलं

प्रश्न : काही महिन्यांपासून क्रिप्टो ट्रेडिंग शिकतो आहे. प्रत्येक सौद्याला स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्री) लावतो. गेल्या महिन्यात पीटूपीवर (एक्स्चेंजवर थेट दुसऱ्या व्यक्तीशी सौदा) यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो कॉइन, विकून ४२,००० रुपये खात्यात घेतले. नंतर परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँकेने पूर्ण खातं गोठवलं, पगारही त्यातच अडकलाय. मी आरोपी ठरतो का? ‘वीस टक्के द्या, खातं सोडवून देतो’ असा एकाचा फोनही येतोय.

उत्तर : आधी त्या फोनवाल्याचं. त्याला एक रुपयाही देऊ नका. नंबर आणि मेसेज जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

खातं गोठलं म्हणून कोणी आरोपी होत नाही. क्रिप्टोची खरेदी-विक्री हाही गुन्हा नाही. क्रिप्टो व्यवहारांना बँकांनी सेवा देऊ नये, असं सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. तुमच्या बाबतीत बहुधा असं झालं असावं, की तुमच्या खरेदीदाराने दिलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले होते. फसलेल्याने तक्रार केली आणि पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत आले.

पोलिसांना खातं गोठवण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने मिळतो. मात्र जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवण्याचं बंधनही त्याच कलमात आहे. म्हणून बँकेकडून लेखी घ्या : कुठलं पोलीस ठाणं, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवा. सोबत ऑर्डरचा तपशील, चॅट, ट्रान्झॅक्शन हॅश (क्रिप्टो व्यवहाराचा ओळख क्रमांक), बँक स्टेटमेंट आणि ते यूएसडीटी तुम्ही मुळात कुठून, कोणत्या पैशांनी घेतले याचा पुरावा जोडा. हा शेवटचा कागद बरेच जण विसरतात, आणि खरेदी प्रामाणिक होती हे त्यावरूनच पटवता येतं.

मागणी नेमकी ठेवा : वादातल्या ४२,००० वर लीन (तेवढ्याच रकमेवर रोख) राहू द्या, बाकी खातं मोकळं करा. अनेक उच्च न्यायालयांनी असे आदेश दिलेले आहेत. दाद मिळाली नाही, तर संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करा. तिथेही अडलं, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. चौकशीची नोटीस आली तर टाळू नका, वकिलाला सोबत घेऊन उत्तर द्या.

स्टॉपलॉस लावता हे चांगलंच, पण तो भाव पडण्यापुरता. समोरच्याचे पैसे कुठले, हा धोका त्याने अडत नाही आणि नवखे लोक नेमके इथे सापडतात. मला याची खरंच काळजी वाटते, कारण बहुतेकांचं पगाराचं खातंच व्यवहाराला जोडलेलं असतं. ट्रेडिंगसाठी वेगळं खातं ठेवा. फिनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदलेल्या एक्स्चेंजवरच व्यवहार करा. प्लॅटफॉर्मवरचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्या खात्याचं नाव जुळलं नाही, तर कॉइन सोडू नका, ऑर्डरवर डिस्प्यूट (प्लॅटफॉर्मकडे तक्रार) टाका. टेलिग्रामवर जादा भाव देणाऱ्यांपासून लांबच राहा.

करही लक्षात घ्या. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. ही विक्री विवरणपत्रात दाखवा. लपवलीत, तर तपास अधिकाऱ्यापुढे तुमचीच बाजू लंगडी पडेल.