ऐंशीच्या दशकातल्या मराठी चित्रपटांतला कोणता संवाद तुम्हाला सर्वांत जास्त आवडतो, आणि का?

‘हा माझा बायको पार्वती.’ ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८. माझं उत्तर इतकंच आहे, पण तुम्ही ‘का’ही विचारलंत, म्हणून लिहितो.

भाड्याची खोली मिळावी म्हणून परश्या (लक्ष्मीकांत बेर्डे) साडी नेसून पार्वती झालाय आणि त्याचा मित्र धनंजय माने (अशोक सराफ) आपली बायको म्हणून तिची ओळख करून देतोय. त्याची जीभ घसरते, तीही दोनदा: ‘ही’चं ‘हा’ होतं, ‘माझी’चं ‘माझा’. साडी, पदर, लाजणं, सगळं जागेवर आहे. बिंग फुटतं ते व्याकरणातून. ज्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर हा बेतला, त्या भाषेत ही चूक अर्धीच झाली असती, कारण तिथे ‘यह’ बाईलाही चालतं आणि पुरुषालाही. मराठीत मात्र बायकोची ओळख करून देताना पहिल्याच अक्षराला लिंग ठरवावं लागतं. म्हणून हे वाक्य मला अस्सल मराठी वाटतं.

याच चित्रपटातल्या, घरमालकाने औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांच्या संवादाचंही तसंच. इस्तंबूलहून औषध आणणारा मित्र वारला, आणि त्यासोबत घरमालकाचे सत्तर रुपयेही वारले! ‘वारले’ हे आपण मोठ्या माणसाबद्दल आदराने, हलक्या आवाजात म्हणतो. रुपये अनेकवचनी, त्यामुळे तेच आदरार्थी रूप त्यांना बरोब्बर बसतं. पैसे ‘बुडाले’ म्हटलं असतं तर घरमालक भांडला असता. ‘वारले’ म्हटल्यावर बिचारा भांडणार कसा?

संवाद वसंत सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’सारखं लोकनाट्य लिहिलेला माणूस; एका शब्दावर अख्खा प्रसंग कसा फिरवायचा हे लोकनाट्यातल्या बतावणीत, म्हणजे त्यातल्या विनोदी सवाल-जवाबांत, मुरलेलं असतं. अर्थात अशोक सराफ आणि घरमालक झालेले सुधीर जोशी समोरासमोर नसते तर कागदावर हे किती उतरलं असतं, हाही प्रश्न आहेच. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य नुसतं वाचून पाहा. त्यात विनोद कुठेच नाही, तरी लक्ष्मीकांत बेर्डेचा आवाज आठवल्याशिवाय ते वाचताच येत नाही.

‘धुमधडाका’तलं (१९८५) ‘वख्खा विख्खी वुख्खू’ही आवडतं, पण तो संवाद म्हणावा का? तो अशोक सराफांच्या घशातून निघालेला एक आवाज आहे. पहिला मान पार्वतीचाच.