एका सत्राच्या परदेशी शिक्षणासाठी निवृत्तीची पुंजी मोडावी का?

आपली मुलगी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात आहे, विद्यार्थी-विनिमय योजनेतून तिला एक सत्र युरोपात शिकण्याची संधी मिळाली आहे आणि तिच्यासाठी साठवलेली रक्कम खर्चाच्या जेमतेम दोनतृतीयांश भरते. उरलेली रक्कम निवृत्तीच्या पुंजीतून काढावी का, आणि केवळ व्यक्तिमत्त्वविकासासाठी एवढा खर्च योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की तिला जरूर पाठवावे, पण निवृत्तीच्या पुंजीला हात लावू नये.

या खर्चाला गुंतवणूक म्हणू नका. तसे म्हटले की परताव्याची अपेक्षा येते आणि तिच्या पहिल्या पगाराकडेही आपण त्याच नजरेने पाहू लागतो. परक्या भाषेत घरमालकाकडे अनामत रकमेची पावती मागणे, आजारपणात स्वतःच दवाखाना शोधणे, महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी उरलेल्या पैशांत आठवडा काढणे, यांतून येणारा धीटपणा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, तरी तो आयुष्यभर पुरतो. मात्र दर आठवड्याला घरून पैसे जात राहिले, तर यातले काहीच तिच्या पदरात पडणार नाही.

विनिमयात शुल्क बहुधा आपल्याच महाविद्यालयात भरायचे असते, त्यामुळे नवा भार पडतो तो मुख्यतः विमानभाडे, व्हिसा, विमा आणि राहण्या-जेवण्याचा. पण सर्वांत महाग पडू शकणारी गोष्ट खर्चाच्या यादीत नसतेच, ती म्हणजे श्रेयांकांची, म्हणजे तिथे पूर्ण केलेल्या विषयांच्या क्रेडिट्सची, मान्यता. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० आणि सत्राचे ३० श्रेयांक धरतात. त्यांतले १८च इथल्या महाविद्यालयाने मान्य केले, तर पदवी लांबते आणि जादा सत्राचा खर्च अंगावर येतो. १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस या युरोपातील विद्यार्थी-विनिमय योजनेत विद्यार्थी आणि दोन्ही संस्था विषयांचा करार निघण्यापूर्वीच करतात. आपल्या योजनेत तशी पद्धत नसली, तरी लेखी मान्यता मिळेपर्यंत तिकीट काढू नये.

उरलेल्या एकतृतीयांशासाठी आधी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा पाहावी. महाविद्यालय परवानगी देत असेल, तर एक सत्र उशिरा जाऊन तेवढे महिने बचत करावी, आणि तरीही कमी पडेल तेवढेच शैक्षणिक कर्ज घ्यावे. शिक्षणासाठी कर्ज मिळते. म्हातारपणासाठी कोणी देत नाही. तिथल्या अर्धवेळ कामाची कमाई हिशेबात धरू नये, कारण विद्यार्थी-व्हिसावर कामाच्या तासांना बहुतेक ठिकाणी मर्यादा असते.

वर्षभरात लागणारी रक्कम शेअर बाजाराशी निगडित योजनांत असेल, तर ती आताच काढून मुदत ठेवीत ठेवावी. परकीय चलन एकाच दिवशी न घेता दोन-तीन टप्प्यांत घ्यावे, आणि अचानक परत यावे लागले तर तिकिटापुरते पैसे वेगळे ठेवावेत. तिथे कार्ड वापरताना यंत्र कोणत्या चलनात रक्कम वळती करायची असे विचारते, तेव्हा तिने स्थानिक चलनच निवडावे. आपले चलन निवडल्यास दुकानदाराच्या बाजूने लावलेला दर बहुधा महाग पडतो.

महिन्याचे अंदाजपत्रक आपण करू नका, मुलीलाच करू द्या. पहिल्या पंधरवड्यात अनामत रक्कम, भाडे, अंथरूण-पांघरूण आणि प्रवासाचा पास हे सगळे एकदमच येते, तो आकडा तिला वेगळा मांडायला सांगा. तिचा कागद हाती आला की कर्ज किती घ्यायचे ते ठरवता येईल. तोपर्यंत कर्जाच्या अर्जावर सही करू नका.