वाचक विचारतात : मोटर भरायचं काम आणि गावातला रोजगार

प्रश्न : आमच्या सेवा क्लबकडे बेरोजगार मुलांच्या प्रशिक्षणासाठी यंदा दीड लाख रुपये जमले आहेत. काही सभासद संगणक वर्ग काढा म्हणतात, काही सबमर्सिबल मोटर रिवाइंडिंग, म्हणजे पाण्यात बुडून चालणाऱ्या पंपाच्या जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं काम. काय निवडावं? — सचिव, जि. यवतमाळ

उत्तर : रिवाइंडिंग घ्या. हरभरा-गव्हाचं ओलित सुरू झालं की मोटरी जळू लागतात आणि पीक सुकत असताना शेतकरी आठवडाभर थांबत नाही. या कामाचा पैसा गावातच मिळतो. संगणक वर्ग केलेल्या मुलाला बहुतेक वेळा नागपूर-अमरावतीच गाठावं लागतं.

मात्र वर्ग स्वतः भरवू नका. अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, शिकवणी, राहणं आणि जेवण मोफत असतं. मोटर रिवाइंडिंगचा ३० दिवसांचा अभ्यासक्रम त्यांच्या यादीत आहे. सहा-आठ मुलांची नावं घेऊन संचालकांना उन्हाळ्यातच भेटा आणि बॅच पोळ्यानंतर लागेल असं बघा. तोवर निंदण-डवरणी आटोपलेली असते, कापूस वेचणी सुरू झालेली नसते, आणि मुलं परत येतात तेव्हा ओलिताचा हंगाम तोंडावर असतो. जूनमध्ये बॅच लागली तर निम्मी मुलं पेरणीसाठी घरी पळतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

क्लबचा पैसा लागतो तो पुढे. महिन्याभरात मुलगा कॉइल टाकायला शिकतो; घरी आल्यावर त्याच्याकडे मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) नसतो, तार घ्यायला भांडवल नसतं, आणि नवख्याच्या हाती कुणी मोटर देत नाही. काम सुटतं ते इथेच. म्हणून आधी सामाईक हत्यारं घ्या : ५०० व्होल्टचा मेगर, वायर न तोडता करंट मोजणारा टोंग टेस्टर, मायक्रोमीटर, बेअरिंग पुलर, मोटर वर काढायला तीन पायांची घोडी आणि चेन कप्पी. दुसरा वाटा वाइंडिंग तारेच्या साठ्याला. मुलांनी तार उधार न्यावी आणि मजुरी मिळाल्यावर पैसे भरावेत. उरलेली रक्कम तीन महिन्यांच्या उमेदवारीसाठी ठेवा. त्या काळात मुलालाही द्या आणि शिकवणाऱ्या जुन्या मिस्त्रीलाही द्या. मिस्त्रीला काही न देता ‘पोरांना शिकवा’ म्हटलं तर तो झाडलोटच करून घेईल; स्वतःचा धंदा वाटून द्यायला कोण तयार होतं? मुलं वेगवेगळ्या बाजाराच्या गावांतली निवडलीत, तर त्याचीही भीती जाते.

उद्‌घाटन, बॅनर, टी-शर्ट यांवर या रकमेतला रुपयाही घालू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : मी भरून दिलेल्या दोन थ्री-फेज सबमर्सिबल मोटरी पंधरा दिवसांत परत जळाल्या. शेतकरी म्हणतो, काम कच्चं आहे. दोष माझा की लाइनचा, कसं ओळखू? — वाचक, ता. वरुड

उत्तर : मोटर उघडली की तार तोडायची घाई करू नका, आधी कॉइल पाहा. तीन फेजच्या कॉइल स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी स्वच्छ असेल, तर एक फेज गेलेला असताना ती चालली आहे. डेल्टा जोडणीत उलटं दिसतं : एक फेज जळालेला, दोन शाबूत. हा दोष तुमचा नव्हे. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एखादा फ्यूज उडतो आणि शेतकरी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर ओढत राहतो. जळालेल्या कॉइलचा फोटो काढून शेतकऱ्याला दाखवा, एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवायला सांगा आणि आधीचा कुणी बायपास केला असेल तर तो पुन्हा जोडा. डीपीवर मात्र स्वतः चढू नका. ते काम महावितरणच्या लाइनमनचं.

सगळ्या कॉइल सारख्या काळ्या असतील तर भार जास्त झाला : पंपात रेती अडकली, पंपाचा दाब पेलणारं थ्रस्ट बेअरिंग झिजलं किंवा व्होल्टेज फार पडलं. मोटर नवी भरली आणि झिजलेलं बेअरिंग तसंच ठेवलं, तर ती परत येणारच.

एकाच जागी तार वितळून छिद्र पडलं असेल, तर दोष भरण्यात शोधा. स्लॉटच्या, म्हणजे तार बसवायच्या खाचेच्या, तोंडाशी तार ओढताना वरचं प्लास्टिक आवरण खरचटतं. म्हणून भरलेला स्टेटर (मोटरीचा न फिरणारा, तार भरायचा भाग) रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवा आणि पाण्यातच मेगर लावा. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर विहिरीत सोडायची नाही. नव्या तारेचं रीडिंग याच्या कितीतरी वर यायला हवं. जुनी कॉइल काढताना स्टेटर आगीत टाकण्याची सवयही सोडा. पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मोटर रिकामी चालतानाही तापते.

बसवताना मोटरीत पाणी काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. सुरू केल्यावर तिन्ही वायरींचा करंट टोंग टेस्टरने मोजा. तो नेमप्लेटच्या आत असावा आणि तिन्हीत ५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा. तारीख घालून हे तीन आकडे बिलावर लिहा, शेतकऱ्याची सही घ्या. जुनं तांबंही त्याच्या डोळ्यांसमोर तोला. निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

प्रश्न : दुकानासाठी कर्ज मिळेल का? — वाचक, जि. वाशिम

उत्तर : पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात बँकेच्या कर्जासोबत ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा गटांना ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के घालावे लागतात. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून करता येतो. मशीनचं कोटेशन आणि आरसेटीचं प्रमाणपत्र सोबत न्या. हंगामभर केलेल्या कामाची बिलं जोडलीत, तर बँकेच्या मॅनेजरशी बोलणं सोपं जातं.