टोकन त्यांच्या ड्रॉवरमध्ये, जबाबदारी तुमच्या डोक्यावर

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळी वेफर्सची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मी आणि माझा मेव्हणा असे दोनच संचालक. मेव्हणा केळी पिकवण्याच्या चेंबरच्या दुसऱ्या एका कंपनीतही संचालक आहे. आमचं भांडवल १० लाख, उलाढाल ३ कोटींच्या आत. सेक्रेटरीचं सगळं काम चार वर्षांपासून नाशिकच्या एका कन्सल्टंटकडे आहे, महिना अडीच हजारावर. आमच्या डिजिटल सहीची टोकनं (सहीची किल्ली ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखे तुकडे) आणि कंपनीची रजिस्टरं त्यांच्याकडेच असतात. नवीन फ्रायरसाठी कर्ज मागायला गेलो तर बँकेने सांगितलं, २०२२-२३ आणि २०२३-२४ चे ताळेबंद दाखलच झालेले नाहीत. ऑडिट मात्र दोन्ही वर्षी वेळेवर झालंय. कन्सल्टंट म्हणतात, आधी थकलेले ३० हजार द्या, मग टोकनं देतो. गेल्या वर्षभराचे पैसे आम्ही दिले नाहीत हे खरं आहे. पण काम त्यांचं होतं, मग दंड आम्हाला का? आणि आम्हाला स्वतःचा सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, ठेवावाच लागतो का?

उत्तर : भाऊ, शेवटचा प्रश्न आधी संपवतो. पगारी, पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी ठेवण्याची सक्ती प्रायव्हेट कंपनीला भरणा झालेलं भांडवल १० कोटी किंवा जास्त असेल तरच आहे. तुमचं १० लाख. म्हणजे काम बाहेर देण्यात गैर काहीच नव्हतं.

चूक झाली ती टोकनापाशी. केळीची गाडी भरताना तुम्ही स्वतः काट्यापाशी उभे राहता, चिठ्ठी बघितल्याशिवाय गाडी हलू देत नाही. आणि इथे मात्र कंपनीची सही चार वर्षं दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं की डिजिटल सहीची किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी सही ज्याच्या नावाची त्यानेच घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेली, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवेपर्यंत जबाबदारी तुमचीच. त्या टोकनावर काय काय सह्या झाल्यात, तुम्हाला आज ठाऊक आहे का? मला ताळेबंदापेक्षा याची काळजी जास्त वाटते.

म्हणून टोकनासाठी भांडत बसू नका, ती टोकनं रद्दच करून टाका. दोघांनीही नवीन सही काढा. ओळख व्हिडिओवरून पटवली जाते, नाशिकला जावं लागत नाही. मग कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर नवीन सही जोडा, पासवर्ड बदला आणि तिथे नोंदलेला ई-मेल कुणाचा आहे ते बघा. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत तो ई-मेल बहुतेक वेळा कन्सल्टंटचाच निघतो. आरओसीची, म्हणजे कंपनी निबंधकांची, नोटीस त्यांच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि कायद्याच्या दृष्टीने ती तुम्हाला मिळालेली असते.

आता दंड तुम्हाला का, ते. कंपनी कायद्यात 'कसूरदार अधिकारी' ठरतो तो संचालक. बाहेरचा कन्सल्टंट त्या व्याख्येत सहसा बसत नाही. कलम १६६ तर म्हणतं की संचालकाला आपलं पद दुसऱ्याकडे सोपवताच येत नाही. तेव्हा आरओसीपुढे 'काम बाहेर दिलं होतं' हे उत्तर चालणार नाही.

पैशांचा हिशेब मांडू. ताळेबंदाचा फॉर्म एओसी-४ वार्षिक सभेपासून ३० दिवसांत, वार्षिक विवरणपत्राचा एमजीटी-७ए ६० दिवसांत. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये जादा शुल्क, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन वर्षांचे मिळून चार फॉर्म, म्हणजे रोज ४०० रुपये. सभा ३० सप्टेंबरला झाल्या असं धरलं तर ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत हा आकडा सुमारे १ लाख ८९ हजारांवर जातो. तुम्ही ३० हजारांवरून ओढाताण करताय आणि ही रक्कम दर अडीच महिन्यांनी ३० हजारांनी वाढतेय.

हे झालं जादा शुल्क. ते चुकत नाही. दंड ही वेगळी गोष्ट, आणि तिथे तुम्हाला वाट आहे. आरओसीची दंडाची नोटीस निघण्यापूर्वी किंवा निघाल्यापासून ३० दिवसांत हे फॉर्म भरले, तर कलम ४५४ प्रमाणे या कसुरीसाठी दंड लावता येत नाही. २०२० साली जादा शुल्क माफीची योजना आली होती, तशी पुन्हा येईल म्हणून थांबायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्याच्या नादी लागू नका. २०२४-२५ हे तिसरं वर्ष आहे. सलग तीन वर्षं काहीच दाखल झालं नाही, तर कलम १६४ खाली दोघेही पाच वर्षांसाठी अपात्र. वर कलम १६७ प्रमाणे मेव्हण्याचं चेंबरच्या कंपनीतलं संचालकपद जाईल, त्या कंपनीची काही चूक नसताना. घरात त्यावरून काय होईल ते मी सांगायला नको.

एक धोका आणखी. वार्षिक सभा खरोखर झाल्या होत्या का? झाल्या नसतील तर कुणीतरी मागच्या तारखांची इतिवृत्तं 'बनवून देतो' म्हणेल. नाही म्हणा. सभा झाली नाही तरी दोन्ही फॉर्म भरता येतात, त्यांची मुदत सभा व्हायला हवी होती त्या तारखेपासून मोजतात. सभा न घेण्याचा दंड वेगळा आहे, तो परवडला. खोटं विवरण मात्र कलम ४४८ मधून थेट फसवणुकीच्या कलम ४४७ मध्ये नेतं आणि तिथे कैद आहे.

आता त्या गृहस्थांकडे वळू. आधी ते खरे कंपनी सेक्रेटरी आहेत का आणि त्यांच्याकडे प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र आहे का, हे कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या (आयसीएसआय) संकेतस्थळावर तपासा. 'कन्सल्टंट' ही पाटी कुणीही लावू शकतो. ते सदस्य असतील तर घोर निष्काळजीपणा हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे आणि संस्थेच्या शिस्तपालन संचालकांकडे तक्रार करता येते. सदस्य नसूनही सीएस म्हणवून घेत असतील, तर १९८० च्या कंपनी सेक्रेटरी कायद्यात तो गुन्हाच आहे.

रजिस्टरं अडवून ठेवायचा हक्क? करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बाकीपोटी कागद अडवू शकणाऱ्यांची ठरावीक यादी आहे, तीत कंपनी सेक्रेटरीचं नाव नाही. तसं काही लिहून दिलं नसेल तर रजिस्टरं कंपनीची आहेत आणि ती नोंदणीकृत कार्यालयातच हवीत. लेखी मागा, रजिस्टर पोस्टाने.

नुकसानभरपाईचं मात्र सरळ सांगतो. २०२२-२३ चे फॉर्म ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये भरायचे होते. तेव्हा तुम्ही दरमहा पैसे देत होतात, म्हणून त्या वर्षाचं जादा शुल्क मागण्याची तुमची बाजू भक्कम आहे. दाव्याची मुदत कसूर झाल्यापासून तीन वर्षं. २०२३-२४ चं तसं नाही. ते फॉर्म भरायच्या वेळी तुमचेच पैसे थकले होते, कन्सल्टंट नेमकं यावर बोट ठेवतील. व्हॉट्सअॅपवर 'सगळं भरलंय' असा एखादा मेसेज असेल तर तो जपून ठेवा, त्याची किंमत मोठी आहे. ३० हजारांतून झालेल्या कामाचे पैसे द्या, बाकीवर लेखी हरकत घ्या.

नवीन सीएस नेमाल तेव्हा तो आधीच्यांना पत्र पाठवेल, तो त्यांच्या व्यवसायाचा नियम आहे. ती परवानगी नव्हे, उत्तर आलं नाही म्हणून अडून राहू नका. या वेळी करारपत्रात कोणता फॉर्म कोणत्या तारखेला हे लिहून घ्या. सरकारी शुल्क कंपनीच्या खात्यातून थेट भरा, हातात रोख देऊ नका. फॉर्म गेला की पावती येते, तिच्यावर एसआरएन क्रमांक असतो. पावती नाही तर काम झालं नाही. शिवाय शेवटची सभा आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, हे पोर्टलवर फुकट दिसतं. केळीचा भाव रोज बघता, हे वर्षातून दोनदा बघा.

बँकेला 'प्रोसेस चालू आहे' असं सांगू नका, चारही पावत्यांच्या प्रती द्या. आणि कर्ज मंजूर होऊन बोजा बसला की त्याची नोंद ३० दिवसांत सीएचजी-१ फॉर्मवर करावी लागेल. त्यावरही संचालकाचीच डिजिटल सही लागते, तेव्हा नवीन टोकन घरच्या कपाटात ठेवा.