असिधाराव्रत : प्रत्येक कठीण कामाला हा शब्द लावता येईल का?

प्रश्न असा आहे : ‘स्पर्धा परीक्षेचा अभ्यास म्हणजे असिधाराव्रतच’ हे वाक्य बरोबर आहे का? व्याकरणात चूक नाही, पण शब्द वाया गेला आहे. तिथे ‘खडतर’ पुरेसा आहे.

असि म्हणजे तलवार. तलवारीच्या धारेसारखे व्रत ते असिधाराव्रत. मूळ अर्थ मात्र नुसत्या कष्टाचा नाही. तरुण पतीने पत्नीच्या सहवासात राहूनही ब्रह्मचर्य पाळायचे, असे हे व्रत. मोह दूर ठेवून नव्हे, तो शेजारी असताना पाळायचे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या १३व्या सर्गात हाच अर्थ फार नेमका वापरला आहे. पुष्पक विमानातून परतताना राम सीतेला भरताबद्दल सांगतो : वडिलांनी दिलेली राज्यलक्ष्मी मांडीवर येऊन बसली, हा तरुण, तरी इतकी वर्षे त्याने तिचा उपभोग घेतला नाही, जणू ‘आसिधार’ व्रतच आचरतो आहे. राज्य हाताशी नसते, तर या उपमेत काही उरले नसते.

भर्तृहरीने ‘नीतिशतका’त अर्थ रुंदावला. प्राणांवर बेतले तरी मलिन कृत्य न करणे, दुर्जनांपुढे हात न पसरणे, गरीब मित्राकडेही न मागणे, याला तो सज्जनांचे असिधाराव्रत म्हणतो. मराठीत रुळला तो हा अर्थ. म्हणून रोज लाखोंची बिले मंजूर करणारा अधिकारी घरची ओढाताण सोसून एक रुपयाही घेत नसेल, तर तिथे हा शब्द शोभतो.

जवळचे शब्द वेगळे ठेवावेत. ‘कर्मठ’मध्ये आचारविधींचा काटेकोरपणा असतो आणि बहुधा नापसंतीची छटाही. ‘सतीचे वाण’मध्ये माघार न घेण्याच्या निर्धारावर भर आहे. ‘तारेवरची कसरत’ दोन बाजू सांभाळण्याची. तिच्यात नीतीचा प्रश्नच नाही.

लेखनात ‘असीधारा’ ही चूक फार दिसते. कवी, मती असे तत्सम शब्द मराठीत सुटे लिहिताना दीर्घान्त होतात, पण समासाच्या पूर्वपदी ऱ्हस्वच राहतात : कविमन, मतिमंद, तसेच असिधारा. शब्द सलग लिहावा. लिंग नपुंसक : ते असिधाराव्रत. क्रियापदे घेणे, पाळणे, आचरणे. व्रत पाळणारा तो असिधाराव्रती.