क्लॅरिस की सोरा? आधी ब्रेक बघा

प्रश्न : दोन रोडबाईक बघून ठेवल्या आहेत. कंपनी एकच, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेमही दिसायला तीच. पहिलीला शिमानो कंपनीचा क्लॅरिस हा गिअरसंच, कार्बन फोर्क (पुढचे चाक धरणारा दोन पायांचा भाग), रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, धरणारे), 25चे (मिमी रुंदीचे) टायर. दुसरीला शिमानोचाच सोरा, अ‍ॅल्युमिनियम फोर्क, केबलवरचे डिस्क ब्रेक, 28चे टायर, आणि किंमत आठ हजारांनी जास्त. रोज पहाटे गंगापूर धरण, रविवारी त्र्यंबक, पावसाळ्यातही खंड नाही. सोरासाठी आठ हजार जास्त मोजावेत का? (इंदिरानगर)

सोरासाठी मोजू नका. डिस्क ब्रेकसाठी आणि टायरला मिळणाऱ्या जागेसाठी मोजा.

क्लॅरिस मागे आठ गिअरचा, सोरा नऊचा. दोन्हींना 11-32ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, सर्वांत लहान 11 दात्यांची, सर्वांत मोठी 32ची) असेल तर सर्वांत हलका आणि सर्वांत जड गिअर तोच राहतो, मधली एक पायरी तेवढी वाढते. दहाजणांच्या घोळक्यात एका लयीत चालवताना ती पायरी जाणवते. एकट्याने धरणापर्यंत जाऊन येणाऱ्याला तिचे फारसे काही नाही.

ब्रेकचे तसे नाही. भर पावसात त्र्यंबकहून परतताना रिम ब्रेक दाबला, की पॅड आधी रिमवरचे पाणी पुसतो आणि मग धरतो. तेवढ्यात चाक एक-दोन फेरे पुढे गेलेले असते. शिवाय रस्त्यावरची वाळू पॅडमध्ये रुतते. ब्रेक लावल्यावर खर्रखर्र आवाज येऊ लागला की पॅड काढून उन्हात तिरपा धरून बघा. रबरात चंदेरी कण चमकताना दिसतील. ते तुमच्या रिमचेच आहेत! सुईने उकरून काढले नाहीत तर रिम किसली जाते आणि शेवटी चाकावरच खर्च येतो. डिस्क ब्रेकमध्ये झिजते ती चकती. शिमानोची नवी चकती 1.8 मिमी जाडीची असते, 1.5वर आली की बदलायची, चाक शाबूत राहते.

दुसरा मुद्दा मातीचा. दिंडोरीकडे द्राक्षबागांतून निघणारे ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात. ओल्या रस्त्यावर ती टायरला चिकटते आणि रिम ब्रेकच्या कॅलिपरखाली (पॅड दाबणाऱ्या चिमट्याखाली) थापली जाते. 25चा टायर असला तरी वर जागा जेमतेम असते, चाक घासत फिरते. डिस्कच्या फ्रेमला ही अडचण बरीच कमी. तरी दुकानात विचारून घ्या, 32चा टायर दोन्ही बाजूंना किमान 4 मिमी जागा ठेवून बसतो का?

आता कार्बन फोर्क. हाताला येणारी थरथर तो कमी करतो, हे खरे. पण सत्तर किलोच्या माणसाने 25चा टायर 85-90 पीएसआय दाबाला फुगवून चालवणे आणि 32चा 55-60ला, यातला फरक फोर्कपेक्षा कितीतरी मोठा आहे. शिवाय फोर्क पुढे बदलता येतो (हेडट्यूब, म्हणजे फोर्क ज्यात बसतो ती पुढची नळी, सरळ आहे की खाली रुंद होत जाणारी, एवढे आजच बघून ठेवा). डिस्कचे माउंट नसलेल्या फ्रेमला मात्र नंतर डिस्क बसवता येत नाही.

पैसे देण्याआधी सोराची सायकल नीट न्याहाळा. शिफ्टर (गिअर बदलायची लिव्हर) आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) सोराचे, पण क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या), चेन, कॅसेट, ब्रेक भलत्याच कंपन्यांचे, हे सर्रास चालते. त्यात फसवणूक नाही, पण नावाचे पैसे किती द्यायचे ते तरी कळते. आणि जून ते सप्टेंबर सायकल घरातच उभी राहणार असेल, तर सरळ पहिली घ्या. वजनाने ती हलकीही असेल.

प्रश्न : सोरा आहे, पुढे 50-34 दाते, मागे 11-28. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना गुडघे बोलायला लागतात. क्रँक बदलू की कॅसेट? (पंचवटी)

कॅसेट. 28च्या टायरवर 34-28 (पुढची लहान, मागची सर्वांत मोठी चकती) हा गिअर पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे 2.6 मीटर नेतो. चढावर वेग ताशी 7 किमीवर आला की पाय मिनिटाला 45 फेरेच मारतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर. मागे 34 दात्यांची चकती आली की त्याच वेगाला 55 फेरे होतात. दम तेवढाच लागेल, गुडघे मात्र सुटतील.

मागच्या डिरेलरच्या पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला अक्षरे कोरलेली असतात. तिथे ‘आर3000’ आणि ‘जीएस’ असेल तर सोराचा डिरेलर 34 दाते पेलतो, 11-34 बिनधास्त बसवा. फक्त जुनी चेन तशीच ठेवू नका, ती आखूड पडते. नवी चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून फिरवा, टोके जिथे जुळतात तिथून आणखी एक इंच ठेवा आणि मग तोडा. आखूड चेनवर चुकून मोठी-मोठी जोडी लागली तर डिरेलर ओढला जाऊन हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो, कधी तुटतोही.

प्रश्न : जुन्या दहा गिअरच्या टियाग्रा 4600वर (हाही शिमानोचा गिअरसंच) नवे 4700चे शिफ्टर लावले. मेकॅनिकने दोनदा ट्यून केले, तरी वरचे गिअर बसले की खालचे निसटतात. शिफ्टर खराब आले का? (सातपूर)

शिफ्टर ठणठणीत असणार. दोन्ही दहा गिअरचे असले तरी 4700पासून शिमानोने एका क्लिकला किती केबल ओढायची हे माप बदलले. जुना डिरेलर जुन्या मापावर चालतो. त्यामुळे एक टोक जुळवले की दुसरे सुटणार, कितीही ट्यून करा. मागचा डिरेलर 4700चा घ्या. कॅसेट आणि चेन झिजलेली नसेल तर तीच चालेल.

‘आत्ता क्लॅरिस घेतो, पुढे सोरा लावतो’ म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. आठवरून नऊवर जाताना मागचा डिरेलर आणि हब (चाकाचा मधला भाग) तेच चालतात, पण शिफ्टर, कॅसेट, चेन आणि केबल नव्या लागतात. आठ हजार शिफ्टरच्या जोडीतच संपतात.

प्रश्न : त्याच पैशांत जुनी शिमानो 105 संचाची, अकरा गिअरची, रिम ब्रेकवाली सायकल मिळते आहे. काय तपासू? (नाशिकरोड)

स्टीलची पट्टी खिशात घालून जा. चेन ताणून धरा, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि चोवीस पिना पुढे मोजा. नवी चेन बरोबर 12 इंच भरते. 12 इंच आणि वर इंचाचा सोळावा भाग भरली तर अकरा गिअरची चेन संपली. त्याहून जास्त भरली तर कॅसेटही गेली असे धरा आणि भाव पाडा.

मग रिमवरून नख फिरवा. ब्रेकची पट्टी बशीसारखी आत गेलेली लागली, किंवा झिजेची खूण म्हणून असलेली खाच पुसली गेली असेल, तर चाकाचे पैसे वेगळे धरा. शेवटी रंगावर बारीक रेघ आहे का ते बघा, विशेषतः हेडट्यूबजवळ खालच्या नळीवर आणि बॉटम ब्रॅकेटभोवती (क्रँकचा आस बसतो तिथे). अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तिथे तडा असेल तर ती सायकल फुकटही नको.

प्रश्न : उंची 168 सेंमी. एका कंपनीची 52 मापाची फ्रेम बसते, दुसरीची 54. कोणती? (गोविंदनगर)

आकड्यावर जाऊ नका, प्रत्येक कंपनी तो आपल्या मापाने लावते. दोन्हींचे ‘रीच’ आणि ‘स्टॅक’ (बॉटम ब्रॅकेटपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे आणि उभे अंतर) बघा, वेबसाइटच्या तक्त्यात असतात. रीच 10 मिमीने जास्त असेल तर तितका आखूड स्टेम (हँडल धरणारा दांडा) लावून भागते. स्टॅक कमी असेल तर हँडल वर आणायला मर्यादा येतात. पंढरपूरच्या सायकल वारीला जायचे असेल तर जास्त स्टॅकची घ्या. तळवे बधिर होणे, मान आखडणे हे बहुधा हँडल लांब किंवा खाली असल्याने होते, आणि लोक सीट बदलत बसतात.

प्रश्न : केबलवरचे डिस्क ब्रेक आहेत. हजारेक किलोमीटरनंतर लिव्हर हँडलला टेकू लागला. केबल ताणली, चार दिवसांत पुन्हा तेच. (सिडको)

केबल ताणणेच थांबवा. बहुतेक केबल-डिस्कमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. पॅड झिजल्यावर केबल ताणली की कॅलिपरचा दांडा आधीच अर्धा वळून बसतो आणि दाबायला त्याच्याकडे वाव उरत नाही. केबल पूर्वीसारखी सैल करा, दांडा पूर्ण मागे जाऊ द्या. मग आतल्या बाजूचा स्क्रू (मॉडेलनुसार अ‍ॅलन किंवा टॉर्क्स) फिरवून स्थिर पॅड चकतीच्या इतका जवळ आणा, की मध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल. चाक फिरवून बघा, घासायला नको. बाहेरच्या पॅडला वेगळा स्क्रू असेल तर तोही तसाच. केबल सर्वांत शेवटी, नुसता ढिलेपणा जाईल एवढीच.

पॅडचा थर अर्धा मिमी उरला असेल तर जोडी बदला. नव्या पॅडवर मोकळ्या रस्त्याला ताशी 25च्या वेगावरून जवळजवळ थांबेपर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावा, पण चाक पूर्ण थांबू देऊ नका. आणि चेनला तेल स्प्रेने मारत असाल तर चकतीवर फडके झाका. एकदा तेल प्यालेला पॅड पुसून सुधारत नाही.