पर्ड्यूहून पुण्याला परत आल्यावर कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे सामने इथून कसे पाहता येतील?

एमएस संपवून मे महिन्यात वेस्ट लाफायेट, म्हणजे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचं गाव, सोडताय आणि पर्ड्यूचा पुरुषांचा संघ पुण्यातूनही तितक्याच नेमाने पाहायचाय, असं तुम्ही लिहिलंय. चॅनलची काळजी सगळेच करतात. खरी मेख आहे घड्याळात. ते नीट बसवलं की इथून हंगाम छान पाहता येतो, कारण तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. युरोपातल्या फुटबॉलसाठी जागरण करावं लागतं, इथे फक्त लवकर उठायचंय.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत आपण वेस्ट लाफायेटच्या साडेदहा तास पुढे असतो, एरवी साडेनऊ. म्हणजे जानेवारीत तिथे संध्याकाळी 7 ला सुरू होणारा सामना इथे दुसऱ्या दिवशी पहाटे 5:30 ला, आणि 9 चा सकाळी 7:30 ला. शनिवारी दुपारी 12 चा सामना मात्र इथे शनिवारीच रात्री 10:30 ला येतो. असे सामने अजिबात सोडू नका.

गोंधळ होतो तो मार्चमध्ये. तिथलं घड्याळ ऐन बिग टेन (पर्ड्यू ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं तो गट) स्पर्धेच्या तोंडावर तासभर पुढे सरकतं, त्यामुळे 5:30 ची सवय झालेला माणूस 4:30 चा सामना पहिल्या हाफनंतर उघडतो. म्हणून वेळा हाताने लिहून ठेवू नका. पर्ड्यू स्पोर्ट्सच्या साइटवर वेळापत्रक गूगल कॅलेंडरला जोडायची सोय असते, तिथून घ्या. वेळ आणि तारीख दोन्ही आपोआप बदलतात, आणि आधी वेळ न ठरलेले सामनेही नंतर अपडेट होतात. फक्त एनसीएए स्पर्धेत, म्हणजे हंगामाअखेरच्या देशपातळीवरच्या बाद स्पर्धेत, दुसऱ्या फेरीची वेळ पहिली फेरी संपल्यावरच कळते. तेवढी रोज बघावी लागते.

2024 ची एनसीएए फायनल, पर्ड्यू विरुद्ध यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ), इथे 9 एप्रिलला सकाळी 6:50 ला सुरू झाली, नेमकी गुढीपाडव्याच्या दिवशी. पर्ड्यूच्या झॅक ईडीने 37 गुण केले, तरी यूकॉनने 75–60 ने सामना जिंकला. फायनल सोमवारी रात्री असते, म्हणजे आपली मंगळवार सकाळ. ऑफिसात सुट्टी टाकायची तर ती मंगळवारची टाका.

सामना 40 मिनिटांचा असला तरी दोन तास धरून चाला. प्रत्येक हाफमध्ये 16, 12, 8 आणि 4 मिनिटं उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबतो तेव्हा टीव्हीचा टाइमआउट होतो. शेवटी फाउल आणि फ्री थ्रो सुरू झाले की दोन मिनिटांचा खेळ दहा-पंधरा मिनिटं चालतो. आवरून निघायची घाई असेल तर पहिला हाफ सोडा आणि दुसऱ्या हाफची शेवटची 12 मिनिटं बघा, सामना तिथेच ठरतो.

आता निघण्यापूर्वीचं काम. तिथला फोन नंबर बंद केला की ओटीपी येणं थांबतं आणि स्ट्रीमिंगची खाती हातातून जातात. प्लॅन चालू असतानाच, अमेरिकेत असतानाच नंबर गूगल व्हॉइसला (गूगलची इंटरनेटवरून चालणारी फोन सेवा) पोर्ट करून घ्या. 20 डॉलर लागतात आणि काही दिवस जातात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवसावर ठेवू नका. काही बँका अशा नंबरवर ओटीपी पाठवत नाहीत, हेही आधी तपासा. कॉलेजच्या ईमेलवर असलेली सगळी खाती स्वतःच्या जीमेलवर हलवा.

प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे असतात. तिथे बिग टेनचे सामने फॉक्स, सीबीएस, एनबीसी-पीकॉक आणि बिग टेन नेटवर्कमध्ये विभागलेले असतात, पण ती ॲप इथल्या इंटरनेटवर तशीच चालतील असं धरू नका. कोणत्याही सेवेचे वर्षाचे पैसे एकदम भरू नका. नोव्हेंबरमध्ये महिन्याचे भरा, एक पूर्ण सामना बघा, मग ठरवा. व्हीपीएनवर (आपण दुसऱ्या देशात आहोत असं ॲपला भासवणारी सोय) सगळा हंगाम उभारू नका: ते बहुतेक ॲपच्या अटींत बसत नाही आणि सर्व्हर ऐन सामन्यात ब्लॉक होतो. कॉलेजची रेडिओ कॉमेंट्री आणि सोबत लाइव्ह स्टॅट्सचं पान ही जोडी कायम हाताशी ठेवा. डेटा कमी लागतो आणि बसमध्येही ऐकता येतं.

सामना नंतर बघणार असाल तर स्कोअर देणाऱ्या ॲपच्या सूचना बंद करा, ग्रुप म्यूट करा आणि यूट्यूबचं मुखपृष्ठ उघडू नका. हायलाइट्सच्या शीर्षकातच निकाल दिसतो.

आणि एप्रिल-मे मध्ये लक्ष काढून घेऊ नका. ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना दुसऱ्या कॉलेजात जाता येण्याच्या सोयीमुळे, अनेक संघ एका उन्हाळ्यात ओळखू न येण्याइतके बदलतात. 2005 पासून प्रशिक्षक असलेले मॅट पेंटर खेळाडू घडवून टिकवण्यावर भर देतात. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर चारही वर्षं पर्ड्यूकडूनच खेळले. पण अशी जोडी एकदम बाहेर पडते तेव्हा चेंडू पुढे कोण आणणार हाच पहिला प्रश्न असतो. नोव्हेंबरचे सुरुवातीचे, दुबळ्या संघांविरुद्धचे सामने त्यासाठीच बघा. गुणफलकापेक्षा पहिल्या आठ-दहा मिनिटांत बाकावरून कोण आणि कोणाच्या जागी येतं, तिकडे नजर ठेवा.